फक्त तज्ज्ञांसाठी

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून "हिला आत्ता बरी आठवण झाली" असं म्हणशील. मान्य आहे, काम आहे म्हणूनच लिहितेय. तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही आणि घरातला कॉम्प्युटर तू देऊन टाकलास, त्यामुळे पत्राशिवाय मार्गच ठेवला नाहीस. ऑफिसात सांगितलं की माझी आत्या बावीस वर्षं कॉम्प्युटरच्या कर्नलवर काम करत होती आणि आता तिच्याशी बोलायचं तर तिकीट लावावं लागतं, तर लोकांना थट्टा वाटते.

माझी नवी कंपनी श्वासाची यंत्रं बनवते. ज्यांना झोपेत श्वास पुरत नाही त्यांच्या उशाशी ठेवायची, बुटांच्या खोक्याएवढी. आमच्या तपासणीच्या खोलीत अशी सोळा यंत्रं ओळीने मांडलीयेत. प्रत्येकाच्या नळीला एकेक रबरी पिशवी आहे. पिशव्या फुगतात, बसतात, पुन्हा फुगतात, पण एकदम नाही, ज्याची त्याची लय वेगळी. पहिल्या दिवशी मी दारातच थबकले. खोलीत माणूस नाही आणि सोळा जण श्वास घेतायत.

आता काम. बाकीचे सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तो यंत्राच्या तळाचा प्रोग्राम, म्हणजे कर्नल. तो तयार करताना हजारो ऑप्शन निवडावे लागतात, हे हवं, ते नको. हे तुला मी सांगायचं म्हणजे कमालच. त्यातल्या काहींना जाणकारांनीच हात लावावा, पण तेच नेमके अकरा फायलींमध्ये विखुरलेत. मागच्या महिन्यात एका नव्या माणसाने त्यातला एक चुकून बंद केला आणि आम्ही सगळे दोन दिवस डोकं धरून बसलो. म्हणून आमच्या प्रमुखाने (आम्ही त्याला मुकादम म्हणतो, त्यालाही माहीत आहे) ठरवलं की हे सगळे गोळा करून एका मेन्यूत ठेवायचे. मेन्यूवर 'फक्त तज्ज्ञांसाठी' अशी पाटी. 'तज्ज्ञ आहात का?' याला 'हो' म्हटल्याशिवाय आतलं काही दिसणार नाही.

हे माझ्या गळ्यात पडलंय. एकशे चाळीस ऑप्शन. रोज सकाळी फाइल उघडायची भीती वाटते. कुठली ओळ कशाला धरून आहे, कळत नाही. काय सांभाळू, सांग.

आणि एक विचारू? तू हे काम का सोडलंस? घरात कुणी नीट सांगत नाही.

बाबा बरे आहेत. जरा दमतात, वयाचं आहे.

तुझी,
खारुताई


९ फेब्रुवारी

खारुताई,

कामापुरती आठवण येते हे खरं बोललीस म्हणून उत्तर देते. नुसतं "सहज लिहिलं" म्हणाली असतीस तर पत्र चुलीत गेलं असतं.

गठ्ठ्याने काही उचलू नकोस. एका वेळी एकच ऑप्शन हलव, कर्नल तयार कर, आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवून बघ, मगच पुढचा. एकशे चाळीस वेळा. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. नीटनेटकं दिसायची घाई करू नकोस. आम्ही त्या घाईपायी फार भोगलंय.

बाकी तू हुशार आहेस, तुला कळेलच.

काम सोडलं कारण वय झालं. डोळे दुखत. एवढंच.

दादा पत्राखाली स्वतःच्या हाताने दोन ओळी खरडल्याशिवाय राहत नाही. या वेळी का नाहीत? "जरा दमतात" म्हणजे किती? वहिनीला विचारून नीट कळव. मला बहिरी म्हणून फसवणं सोपं आहे असं तुम्हा लोकांना वाटतं.

तुझी,
आत्या


२३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

झालं एकदाचं! मेन्यू तयार आहे आणि इतका सुरेख दिसतो की मुकादमने सगळ्यांना बोलावून दाखवला. एकेक हलवायचा तुझा सल्ला पहिल्या वीसांपर्यंत पाळला. पण त्याला शुक्रवारपर्यंत हवं होतं. मग बाकीचे एकशे वीस एकत्र आणले, वर एक ओळ घातली, 'तज्ज्ञ असेल तर', आणि खाली ती अट संपवली. अकरा फायलींचा पसारा एका पानात बसला. माझ्या टेबलावरच्या यंत्रावर तीन दिवस चालवून बघितलं, कुठे खुट्ट नाही. शुक्रवारी त्याच मेन्यूतून ग्राहकांसाठीचा कर्नल तयार झाला आणि तपासणीच्या खोलीत आणि चाचणीसाठी लोकांच्या घरी दिलेल्या बारा यंत्रांत गेला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. काल तपासणीच्या खोलीत गेले तर नऊ नंबरचं यंत्र गप्प होतं. दिवा लागलेला, पिशवी अर्धी फुगलेली आणि तशीच थांबलेली. बाकीचे पंधरा जण आपले श्वास घेतायत. धोक्याची घंटाही वाजली नव्हती. किती वेळ तसं होतं देव जाणे. बंद करून चालू केलं तर लगेच ठीक. वायरिंगचा माणूस म्हणाला, "प्लग ढिला असणार, ताई." मला पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं.

अशी यंत्रं पूर्वीही अडकत असतील का गं? मला तर कुणी कधी सांगितलं नाही.

आणि रागावू नकोस. जानेवारीत बाबा सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. "तिला कळवू नका, ती लगेच बस पकडेल," असं त्यांनीच बजावलं होतं. आता घरी आहेत, दोन घास जास्तच जेवतात. काळजीचं काही नाही.

तुझी,
खारुताई


२६ फेब्रुवारी

खारुताई,

तुझं पत्र आत्ता अकरा वाजता आलं. वाचलं. हे पत्र तुला तीन दिवसांनी मिळेल, तोवर थांबायचं नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंना तुझा नंबर दिला. काय सांगायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय. त्या फोन करतायत आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत हे लिहितेय.

जे पहिल्या पत्रात सांगायला हवं होतं ते आता सांगते.

प्रत्येक ऑप्शनचे दोन भाग असतात. एक प्रश्न, 'हे हवं का?' आणि एक उत्तर, जे कुणी विचारलं नाही तरी आपल्या जागी असतं. तज्ज्ञांसाठीचा ऑप्शन म्हणजे ज्याचा प्रश्न इतरांना विचारायचा नाही, पण उत्तर 'हो'च राहायला हवं. म्हणून अट प्रश्नाला घालायची. तू अट एकशे वीस ऑप्शनना मिळून घातलीस. आता जो 'मी तज्ज्ञ नाही' म्हणेल त्याच्याकडून नुसता प्रश्न जाणार नाही, वस्तूच जाईल. कसलाही आवाज न करता जाईल, एरर नाही, काही नाही. तुझ्या टेबलावर 'तज्ज्ञ' चालू असणार, आपल्या सगळ्यांच्या टेबलावर असतो. म्हणून तुला खुट्ट ऐकू आलं नाही. लोकांच्या घरी जाणाऱ्या कर्नलमध्ये तो बंद असतो.

त्या एकशे वीसांत वॉचडॉग आहे का बघ. प्रोग्राम अडकला की यंत्राला दोन सेकंदांत पुन्हा उठवणारा. तू विचारतेस, पूर्वीही अडकत असतील का. अडकतच असणार, गं! कुणाला कळायच्या आत तो त्यांना उठवून बसवत असणार. तुझं नऊ नंबरचं यंत्र प्लगमुळे नाही थांबलं.

हे मला कसं कळलं ते विचारशील. आठ वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. अगदी हेच, नीटनेटकं दिसावं म्हणून. एका रक्तपेढीच्या शीतकपाटांवर तो कर्नल होता. एका शनिवारी कपाटांचा प्रोग्राम अडकला आणि सोमवारपर्यंत तसाच राहिला. सगळं रक्त फुकट गेलं. सोमवारी एका बाईचं ऑपरेशन होतं, तिच्यासाठी बाहेरून रक्त आणायला माणूस धावला. ती वाचली की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. कंपनीने अहवालात 'वापरणाऱ्यांनी पुरेशी तपासणी केली नाही' असं लिहिलं आणि मी त्याखाली सही केली. त्यानंतर महिनाभर कामावर गेले, रोज तीच फाइल उघडायची आणि मिटायची. मग सोडलं. डोळे माझे ठणठणीत आहेत.

पहिल्या पत्रात मी तुला नीट कारण दिलं नाही, कारण कारण द्यायचं तर हे सांगावं लागलं असतं. "तुला कळेलच" लिहून मोकळी झाले. तुला कसं कळणार होतं?

ताईंनी फोन ठेवला. "सांगितलं हो," म्हणतायत. ही बारा घरं कुठली आहेत, खारे? दादाला सहा दिवस हॉस्पिटलमध्ये कशासाठी ठेवलं होतं? तू लिहिलं नाहीस.

आत्या


१ मार्च

आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. त्याआधीच सगळं होऊन गेलं होतं, आता ते क्रमाने सांगते.

तुझ्या शिवणवाल्या ताईंचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंनी सांगितलंय, राखणीचा कुत्रा झोपलाय का बघा." मी म्हटलं, "कुत्रा? आमच्याकडे कुत्रा नाही." त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक बाई, इथे इंग्रजीत लिहिलंय, मी आपलं सोप्या भाषेत सांगितलं. आणि तज्ज्ञ बंद करून बघा म्हणतायत." मागे मशीनची खडखड, त्यात निम्मं ऐकू आलं नाही. मला वाटलं, आत्याचं जरा बिघडलंय. खरं सांगते, हसू आलं. टेबलावर मैत्रिणीला सांगितलंसुद्धा.

दीड वाजता डबा उघडला. घास उचलला आणि तो हातातच राहिला. राखणीचा कुत्रा. वॉचडॉग.

मी डबा तसाच टाकून 'तज्ज्ञ' बंद केला आणि कर्नल पुन्हा तयार केला. यादीत वॉचडॉग नव्हता. एकशे वीसांपैकी ज्या चालूच असायला हव्यात अशा एकतीस गोष्टी नव्हत्या.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. बारा घरांपैकी एक आपलं आहे. बाबांना झोपेत श्वास पुरत नाही, म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं आणि मीच चाचणीच्या यादीत त्यांचं नाव घातलं. म्हटलं, आपल्या हातचं यंत्र, आपलं लक्ष राहील. शुक्रवारी संध्याकाळी नवा कर्नल मी स्वतः त्यात भरला. आई बाजूला उभी राहून कौतुकाने बघत होती.

बाबा दुपारी जेवून दीड वाजता झोपतात. आई त्या वेळात खाली भाजी आणायला जाते. मी फोन केला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला. कपाटातून जुन्या कर्नलचं एक यंत्र काखेत मारलं आणि पळत सुटले. लिफ्टची वाट बघवेना म्हणून सहा मजले जिन्याने उतरले. टॅक्सीत त्या यंत्राला मांडीवर घट्ट धरून बसले होते. चालकाने दोनदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" सिग्नलला गाडी थांबली की मी श्वास मोजायची. माझेच. दुसऱ्या कुणाचे मोजणार?

दार लॅचने बंद. किल्ली पर्समध्ये, पर्स ऑफिसात. मी दाराला कान लावला. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा टीव्ही, आणि आतून काही नाही. आत्या, तेव्हाची भीती मला लिहिता येणार नाही. मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागले. समोरचे आजोबा बाहेर आले, आणि तेवढ्यात आतून बाबांचा आवाज, चिडलेला, "अरे कोण आहे? दार मोडताय का?"

मी तिथेच जिन्यावर बसले. त्यांनी दार उघडलं, कपाळावर मास्क सरकवलेला. "काय झालं गं?" म्हणाले. मागे यंत्र चालू होतं, व्यवस्थित. त्या दिवशी ते अडकलं नव्हतं, एवढंच. मी ते काढलं, जुनं लावलं, तोवर आई आली. मी दोघांना खरं काय ते सांगितलं. बाबा म्हणाले, "बाकीचे अकरा कोण आहेत?"

ऑफिसात परत गेले. मुकादम म्हणाला, "आधी खात्री करू. पुढच्या आठवड्याच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त होऊन जाईल. लोकांना कशाला घाबरवायचं?" वाईट माणूस नाही तो, पण त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. मी म्हटलं, "मी घाबरलेय ना, तेवढं त्यांनाही घाबरू दे." यादी घेतली आणि एकेका घरी फोन लावला. चार फोन झाल्यावर तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि पाचवा त्याने लावला. संध्याकाळपर्यंत अकराही घरी जुनी यंत्रं पोचली.

आठव्या घरी एका आजीने फोन घेतला. यंत्र तिच्या नवऱ्याचं. मी विचारलं, "कधी बंद पडलं होतं का?" ती हळूच म्हणाली, "मंगळवारी सकाळी पडलं होतं. मी केस विंचरत होते. एकदम शांत झालं म्हणून वळून बघितलं, तर ह्यांचे ओठ निळसर. मास्क ओढून काढला, गालावर चापट्या मारल्या, तेव्हा उठले. कुणाला सांगितलं नाही हो. यंत्र पुसताना माझंच बोट कुठेतरी लागलं असणार. तुम्ही परत न्याल म्हणून सांगितलं नाही."

मी "दुसरं यंत्र पाठवतेय" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

खारुताई


४ मार्च

खारे,

पत्र तीनदा वाचलं. दारापाशी तू कान लावून उभी असल्याचं वाचताना मी खुर्चीचा हात इतका आवळला की बोटं दुखतायत. दादावर रागावलेय, वहिनीवरही, तुझ्यावरही. रविवारच्या बसने येतेय. दादाला सांग, आता लपवायला काही शिल्लक नाही.

शिवणवाल्या ताईंना सगळं समजावून सांगितलं. त्या रडल्या, मग म्हणाल्या, "पण कुत्राच म्हटलं ते बरं झालं की नाही?" मी म्हटलं, "बरंच झालं." त्यांनी इंग्रजीत सांगितलं असतं तर कदाचित तू मीटिंगमध्येच "हो हो" म्हणून ठेवून दिलं असतंस.

आता दुरुस्ती. एकशे वीसही एकेक करून बघ. अट प्रश्नाला घाल. आणि प्रत्येक ऑप्शनच्या खाली मदतीच्या दोन ओळी असतात, त्यात 'हा बंद केला तर काय होईल' ते साध्या शब्दांत लिही. आम्ही तिथे नेहमी 'नक्की माहीत नसेल तर हात लावू नका' एवढंच लिहून सुटायचो. ते मदत करणं नव्हतं, अंग काढून घेणं होतं.

आणि त्या आजीकडे जा. फोनवर झालं ते पुरेसं नाही. "तुमचं बोट नव्हतं" हे तिला समोर बसून सांग. तिचा नवरा नुसता शिंकला तरी ती स्वतःच्या बोटांकडे बघेल.

मी आज रक्तपेढीला पत्र लिहायला बसले. तारीख घातली, नमस्कार लिहिला, पुढे हात चालेना. उद्या पुन्हा बसेन. हे तुला सांगते, म्हणजे तू धाडसी आणि मी भित्री हे तुला कळावं.

आत्या


१९ मार्च

प्रिय आत्या,

तू परत गेल्यापासून घर सुनं वाटतंय. बाबा तू बसायचीस त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीत.

मेन्यू पुन्हा केला. या वेळी एकशे वीस दिवस लागतील असं वाटलं होतं, पण मुकादमने आणखी दोघं दिली आणि दहा दिवसांत झालं. 'तज्ज्ञ' बंद आणि चालू, दोन्ही याद्या शेजारी ठेवून तिघांनी वाचल्या. वॉचडॉगच्या खाली मी लिहिलं, 'हा बंद केला आणि यंत्र अडकलं, तर ते आपोआप उठणार नाही. घंटाही वाजणार नाही. उशाशी कुणी जागं असेल तरच कळेल.' मुकादम म्हणाला, "जरा जास्तच होतंय का?" मग स्वतःच म्हणाला, "राहू दे." चूक कुणाची ते अहवालात माझ्या नावाने लिहिलंय. खाली सहीही माझीच आहे. अजून फाइल उघडताना भीती वाटते. ती जाईल असं वाटत नाही, आणि गेली तर ते बरं की वाईट, तेही कळत नाही.

काल दुपारी आजीकडे गेले. रोज उद्यावर ढकलत होते. तू आली होतीस तेव्हाही "कामाचं आवरलं की जाते" म्हणून सांगितलं होतं, ते खोटं होतं. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, खिडकीशी पलंग, पलंगाला टेकून एक लाकडी खुर्ची. आजोबा मास्क लावून झोपले होते. यंत्र आता दुरुस्त केलेलं आहे, पण आजी खुर्चीत बसून होती. डोळे खोल गेलेले. केस विंचरलेले नव्हते.

मी समोर उभी राहून सांगितलं, "आजी, तुमचं बोट लागलं नव्हतं. चूक माझी होती. मी एक ओळ चुकीच्या जागी लिहिली."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. म्हणाली, "तू? एवढीशी?" मग बराच वेळ आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली आणि ते पदराला पुसून मांडीवर ठेवले.

"आता नाही ना बंद पडायचं?" तिने विचारलं.

"अडकलं तर आपोआप उठेल," मी म्हटलं. "तपासून बघितलंय. कधीच अडकणार नाही असं मात्र नाही सांगू शकत."

"खरं बोललीस," ती म्हणाली. "यंत्र बदलायला तुमचा दुसरा माणूस आला होता तो म्हणाला, काही होणार नाही. तेव्हापासून तर मुळीच डोळा लागत नाही." मग म्हणाली, "तुला घाई आहे का?"

"नाही."

"मग इथे बसतेस? नुसती बस. मला अंघोळ करून यायचंय. ते झोपलेले असताना मी इथून उठलेलेच नाहीये."

मी खुर्चीत बसले. न्हाणीघरात पाणी पडायचा आवाज आला, मग थांबला. आजी ओले केस मोकळे सोडून आली, शेजारच्या चटईवर "पाठ टेकते जरा" म्हणून आडवी झाली आणि क्षणात घोरायला लागली. आजोबांची छाती वर होत होती, खाली होत होती. मी मोजत होते. कुठे एक श्वास लांबला की माझा हात मास्ककडे जायचा.

आजी अडीच तास झोपली. मी तिला उठवलं नाही.

तुझी,
खारुताई